घरगुती अंडी उबवणी : तापमानाचे चढउतार आणि त्यांवरील उपाय

कोल्हापूर जिल्ह्याचे नाव निघाले की ऊस, गूळ आणि दूध यांचा विचार प्रथम मनात येतो. तथापि परसातील दहा-वीस कोंबड्यांवर घरातील मीठमिरचीचा आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागविणारी कुटुंबेही येथे थोडी नाहीत, आणि हा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतो. या कोंबड्यांची पुढची पिढी निर्माण करण्याचे काम आजवर खुडूक कोंबडीकडे असे. बुट्टीत भाताचे तूस किंवा पेंढा पसरावा, त्यावर दहा-बारा अंडी मांडावीत, कोंबडी बसवून वर डालगे झाकावे आणि एकवीस दिवस वाट पाहावी, ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे.

परंतु खुडूक कोंबडी हवी तेव्हा मिळत नाही. हैदराबाद येथे विकसित झालेली वनराजा किंवा बंगळूर येथील गिरिराज यांसारख्या सुधारित जाती अंडी अधिक देतात. खुडूक मात्र क्वचितच बसतात. साहजिकच घरच्या घरी वीस-तीस अंडी उबविण्याची छोटी विद्युत पेटी अनेक गावांत दिसू लागली आहे. कोणी ती विकत आणतो, कोणी थर्मोकोलचा खोका, बल्ब आणि बाजारात मिळणारा तापनियंत्रक यांची जुळणी करून स्वतःच तयार करतो. कोल्हापूर येथे शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तेथील मोठी यंत्रे आणि प्रशिक्षित कर्मचारी यांची बरोबरी ही घरगुती पेटी करू शकत नाही, आणि तिने ती करावी अशी अपेक्षाही नाही. तीस अंड्यांतून वीस-बावीस सशक्त पिल्ले मिळाली तरी तिचे काम झाले.

प्रत्यक्षात पुष्कळदा तेवढीही मिळत नाहीत. तीन आठवड्यांची मेहनत वाया जाते आणि दोष अंड्यांना किंवा यंत्राला दिला जातो. खरे कारण बहुधा तापमानाच्या चढउतारांत असते. मात्र नुकसान केवळ चढउतारांनी होत नाही. त्यांना भिऊन केलेल्या धावपळीनेही होते. आकडा थोडा हलला की नियंत्रकाची कळ फिरविणे, दर अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहणे, आणि रात्री दोन-तीन तास वीज गेली म्हणून सकाळी सगळी अंडी उकिरड्यावर टाकणे, हे प्रकार सर्रास घडतात. टाकलेल्या त्या अंड्यांपैकी कित्येकांत जीव शाबूत असतो. म्हणून कोणत्या चढउताराची काळजी करावयाची आणि कोणत्याची नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. (या लेखातील सर्व अंश सेल्सिअसचे आहेत.)

हवेचा पारा आणि अंड्याचा पारा

कोंबडीच्या अंड्यातील गर्भाची वाढ सुमारे ३७.५ अंशांस उत्तम होते. पंखा असलेल्या पेटीत हवा सारखी खेळत असल्याने सर्वत्र हेच तापमान राखावयाचे असते. पंखा नसलेल्या पेटीत गरम हवा वर साचते व तळाशी गारवा राहतो. अशा पेटीत अंड्यांच्या वरच्या बाजूच्या पातळीवर ३८.५ अंशांच्या आसपास तापमान ठेवावे लागते, तेव्हा कोठे अंड्याच्या मध्याला योग्य ऊब पोहोचते. हा भेद न कळल्यामुळे शेजाऱ्याच्या पेटीवरचा आकडा आपल्या पेटीला लावण्याची चूक होते.

तापमापक दाखवितो ते हवेचे तापमान. पण उबावयाची असते ती हवा नव्हे. पन्नास लिटरच्या खोक्यात मावणाऱ्या हवेचे वजन ५०-५५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम सव्वा गावठी अंड्याइतके असते. उलट त्याच खोक्यातील वीस अंड्यांचे वजन आठ-साडेआठशे ग्रॅम भरते. शिवाय अंड्यात बहुतांशी पाणी असल्याने तेवढ्याच वजनाच्या हवेपेक्षा ते सुमारे तिप्पट उष्णता धरून ठेवते. हिशेब मांडला तर वीस अंडी मिळून खोक्यातील साऱ्या हवेच्या सुमारे पन्नास पट उष्णता साठवितात. झाकण उघडताच तापमापक दहा अंशांनी उतरतो, अंड्याचा गाभा मात्र तेवढ्या वेळात जागचा हलतही नाही. झाकण लावल्यावर हवा पुन्हा तापते, आकडा वर येतो, आणि अंड्याला या घडामोडीची दखलही नसते.

खुडूक कोंबडी हेच करते. दाणापाण्यासाठी ती दिवसातून एकदा तरी, पंधरा-वीस मिनिटे, अंड्यांवरून उठते. थंडीच्या सकाळीही तिच्या माघारी अंडी उघडीच असतात. तेवढ्या गारव्याने पिल्ले मरत असती तर कोंबडीची जात केव्हाच नष्ट झाली असती.

अंड्याला काय जाणवते हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. औषधाची लहान बाटली पाण्याने भरून, तीत तापमापकाचे टोक बुडवून, ती अंड्यांच्या रांगेतच ठेवावी. हा तापमापक हवेच्या क्षणिक हेलकाव्यांनी नाचत नाही. अंड्यासारखाच सावकाश चढतो व सावकाश उतरतो. हवेचा आकडा ३७ ते ३८ यांच्या दरम्यान वरखाली होत असता बाटलीतील तापमापक साडेसदतीसवर स्थिर असेल, तर पेटी उत्तम चालली आहे असे समजावे आणि तिला हात लावू नये.

उष्णतेचे भय अधिक

गारवा आणि उष्णता यांना एकाच मापाने मोजता येत नाही. तापमान उतरले की गर्भाची वाढ मंदावते. पुन्हा ऊब मिळताच ती पुढे चालू होते. अधिक तापमानाने मात्र झालेली इजा भरून निघत नाही. पेटी काही तास चाळीस अंशांच्या वर गेली तर गर्भ दगावू लागतात, आणि जे वाचतात त्यांच्यातून वाकड्या बोटांची, पंगू पिल्ले निघण्याचा संभव असतो. म्हणजेच दोन अंश कमी ही चिंतेची बाब, दोन अंश अधिक हे संकट. नियंत्रकाचे टोक अंड्यांपासून दूर सरकले, बल्बवर पाण्याचा थेंब पडून तो फुटला आणि त्या जागी अधिक शक्तीचा बल्ब लावला, अथवा पेटीवर दुपारचे ऊन पडले, अशा क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींतून हे संकट ओढवते.

सतत थोडे कमी-अधिक तापमान राहिले तर त्याची खूण निघणाऱ्या पिल्लांत दिसते. विसाव्या दिवशीच, घाईने, लहान चणीची पिल्ले निघाली तर पेटी सर्व काळ गरम होती. बाविसाव्या दिवशीही फुटण्याचे चिन्ह नाही आणि निघालेल्या पिल्लांची पोटे मोठी, मऊ व बेंबी न मिटलेली असतील तर ती थंड होती. एका खेपेची ही नोंद पुढच्या खेपेला उपयोगी पडते. कळ फिरवावयाची ती अशा पुराव्यावरून, आणि एका वेळी अर्ध्या अंशाहून कमी.

तापमापकच खोटे बोलत असेल तर हे सारे व्यर्थ होय. कुटलेला बर्फ व थोडे पाणी यांच्या मिश्रणात त्याने शून्य दाखविले पाहिजे. उकळत्या पाण्याची परीक्षा करणाऱ्या शिक्षकांनी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी : कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी शंभराऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. तापमापक बिघडला असे समजून तो फेकून देऊ नये. आपल्याला हवे असलेले तापमान माणसाच्या शरीराच्या जवळचे असल्यामुळे सर्वांत सोयीची परीक्षा म्हणजे कोमट पाण्यात त्याची डॉक्टरी तापमापकाशी तुलना करणे.

तापमापक नव्हता तेव्हाही माणसे अंडी उबवीत. प्राचीन काळापासून ईजिप्तमध्ये कच्च्या विटांच्या जाड भिंतींच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबविली जात. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कृत्रिम उबवणीचा विचार केला तो या भट्ट्यांच्या माहितीच्या आधारेच. तेथील कारागीर अंडे आपल्या मिटलेल्या पापणीला लावून ऊब जोखीत. त्यांच्या यशाचे खरे रहस्य जाड भिंतीत होते. जड वस्तू सावकाश तापते व सावकाश निवते. आपल्या थर्मोकोलच्या खोक्याला नेमका हाच गुण नसतो.

जिल्ह्याचे हवामान

हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोल्हापूर परिसरात दिवस व रात्र यांच्या तापमानातील अंतर सर्वांत मोठे असते. दुपारी ३३ ते ३६ अंश आणि पहाटे १७ ते २० अंश, असा पंधरा-सोळा अंशांचा फरक नेहमीचाच. पत्र्याच्या छपराखाली तो याहूनही वाढतो. पहाटे पेटीला बल्ब सतत जळून पुरा पडत नाही, तर दुपारी तो बंद असूनही पेटी तापलेली राहते. एप्रिल-मेमध्ये काही दिवशी बाहेरचेच तापमान ३८ अंशांपर्यंत किंवा त्याच्याही वर जाते. अशा वेळी कोणताही तापनियंत्रक निरुपयोगी ठरतो. कारण बल्ब बंद करण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही, पेटी थंड करण्याची शक्ती त्यात नसते.

त्यातच वळवाचा पाऊस येतो. तापलेल्या दुपारी आभाळ भरून येते, वारा सुटतो, वीज जाते आणि तासाभरात हवा कितीतरी अंशांनी उतरते. मेघगर्जनेने अंडी बिघडतात अशी जुनी समजूत आहे, आणि त्यावर उतारा म्हणून अंड्यांत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवण्याची चाल अनेक ठिकाणी आढळते. गडगडाटाने अंडे बिघडत नाही व लोखंडाने सुधारत नाही. परंतु वळवाच्या दिवसांत पिल्ले कमी निघतात हे निरीक्षण चुकीचे असेलच असे नाही. कारण तेच दिवस भाजणाऱ्या उन्हाचे आणि एकाएकी येणाऱ्या गारव्याचे असतात. निरीक्षण खरे, कारण मात्र भलतेच, असे लोकसमजुतींच्या बाबतीत अनेकदा घडते.

पावसाळ्यात चित्र पालटते. जुलैमध्ये दिवस-रात्रीचे अंतर पाच-सहा अंशांवर येते, म्हणजे तापमानाच्या दृष्टीने हा सर्वांत स्थिर काळ. अडचण येते ती दमटपणाची आणि विजेची. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पश्चिमेकडील भागांत मुसळधार पावसात झाडे पडून वाहिन्या तुटतात. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगा-कृष्णाकाठच्या अनेक गावांचा वीजपुरवठा खंडित झाला होता. त्यामुळे घरगुती उबवणीचा आरंभ करणाऱ्याने पहिली खेप ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत घ्यावी, हे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या काळात पहाटेचा गारवा असतो, पण बल्बला त्यावर मात करता येते.

पेटी कोठे ठेवावी, कशी बांधावी

सर्वांत मोठा उपाय बिनखर्चाचा आहे. पेटीची जागा नीट निवडावी. घरातील मधली खोली, जाड मातीची किंवा दगडी भिंत, वर कौलारू छप्पर किंवा माळा, आणि दाराच्या वाऱ्यापासून व चुलीपासून दूर असलेला कोपरा. जुन्या घरांत अशी जागा हमखास सापडते. नव्या सिमेंटच्या घरांत गच्चीखालची खोली मात्र टाळावी. खोलीतील हेलकावा पंधरा अंशांवरून सहा अंशांवर आला की पेटीचे निम्मे काम झाले.

दुसरा उपाय म्हणजे पेटीला जडपणा देणे. पाण्याने भरून बुचे घट्ट लावलेल्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या पेटीच्या तळाशी कायम ठेवाव्यात. एक लिटर पाणी तेवढ्याच हवेपेक्षा साडेतीन हजार पटींहून अधिक उष्णता धरते. या दोन बाटल्या तापायला वेळ लागतो, पण एकदा तापल्या की बल्ब लागताना-विझताना होणारे झटके त्या पचवितात. खोक्याबाहेरून भाताच्या तुसाचा चार बोटे थर द्यावा. याकरिता एक मोठा लाकडी खोका घेऊन त्यात थर्मोकोलची पेटी बसवावी व मधल्या जागेत तूस भरावे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडे भातगिरण्यांजवळ तूस हवे तेवढे मिळते. चीनमध्ये व पुढे बांगलादेशात बदकांची अंडी तुसाच्या साहाय्याने विजेवाचून उबविण्याची पद्धत आहे, तीही तुसाच्या या ऊब धरण्याच्या गुणावरच उभी आहे. हवेची छिद्रे मात्र बुजवू नयेत. अंड्यातील जीव श्वास घेतो.

बल्बविषयी एक सूचना. पूर्वीचे तारेचे पिवळे बल्ब उष्णता देत; आताचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब जवळजवळ नाहीच. जुना बल्ब गेल्यावर घरातला एलईडी लावला तर पेटी थंड पडते. साठ शक्तीच्या एका बल्बापेक्षा पंचवीस शक्तीचे दोन बल्ब लावावेत. एक गेला तरी दुसरा काही ऊब देत राहतो. नियंत्रकाचे टोक अंड्यांच्या उंचीवर, बल्बचा प्रकाश थेट पडणार नाही असे बांधावे. पेटी अंड्यांविना पूर्ण एक दिवस व एक रात्र चालवून पाहावी, आणि पहाटे पाच व दुपारी तीन या दोन वेळांचे आकडे लिहून ठेवावेत. ज्या पेटीत या दोन वेळांत एक अंशाहून अधिक फरक पडतो ती अजून तयार नाही.

वीज गेल्यास

मळ्यातील वस्तीवर पेटी लावणाऱ्याने आपले घर गावठाणाच्या वाहिनीवर आहे की शेतीपंपांच्या, हे आधी पाहावे. शेतीपंपांची वीज दिवसा किंवा रात्री ठराविक तासच असते; तेवढ्यावर पेटी चालणार नाही. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहणार असल्याची पूर्वसूचना मिळते. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिली गेली तर पेटीवाल्यांचीच नव्हे, पिठाच्या गिरणीची आणि शाळेचीही सोय होईल.

वीज गेली की पहिला नियम असा की झाकण उघडू नये. पेटीवर घोंगडे किंवा गोणपाटे टाकावीत, छिद्रे तेवढी मोकळी ठेवावीत. तास-दीड तासाच्या खंडासाठी याहून काही करण्याची गरज नाही. त्याहून अधिक वेळ लागेल असे दिसले तर तळाच्या बाटल्यांतील पाणी बदलून हाताला सोसेल इतके गरम पाणी भरावे आणि बाटल्या अंड्यांना चिकटणार नाहीत अशा ठेवाव्यात. चांगल्या झाकलेल्या पेटीला एवढ्याने आणखी तास-दीड तासाची ऊब मिळते. मग पुन्हा पाणी बदलावे. जळत्या कोळशांची शेगडी खोलीत आणू नये. तिचा धूर व वायू माणसालाही घातक असतो.

पहिल्या आठवड्यात गर्भाचे हृदय व रक्तवाहिन्या घडत असतात, तेव्हा ऊब टिकविण्याकडे अधिक लक्ष द्यावे. शेवटच्या आठवड्यात गर्भ स्वतः उष्णता निर्माण करतो, त्यामुळे गारवा अधिक सोसतो; भरगच्च पेटीत कोंदटपणाचेच भय असते.

आणि पुरवठा पाच-सहा तास बंद राहिला तरीही अंडी टाकू नयेत. ३२ अंशांच्या खाली अठरा तासांपर्यंत राहूनही गर्भ जगल्याचे अमेरिकेतील विद्यापीठीय विस्तार सेवांच्या मार्गदर्शनात नमूद आहे. उबवणी पुढे चालू ठेवावी व चार-पाच दिवसांनी अंधाऱ्या खोलीत विजेरीसमोर अंडी धरून पाहावीत. लाल शिरांचे जाळे किंवा हलणारी सावली दिसली तर जीव आहे. शिरा नाहीत आणि रक्ताचे एक कडे तेवढे दिसते, ते अंडे मेलेले. तेच बाजूला काढावे. माध्यमिक शाळांतील विज्ञानाच्या शिक्षकांना या तपासणीइतके बोलके प्रात्यक्षिक दुसरे मिळणे कठीण. फक्त तपासणीसाठी अंडे विजेरीच्या काचेवर फार वेळ टेकवून ठेवू नये.

पेटीत जाण्यापूर्वीचे दिवस

अपयशाचे एक कारण पेटीबाहेरच असते आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. फलित अंडे २१ ते २४ अंशांच्या वर राहिले की गर्भ थोडाथोडा वाढू लागतो. एप्रिलमध्ये घरातील फडताळावर दुपारी तिसाच्या वर व रात्री पंचविसाच्या खाली असे आठ दिवस काढलेले अंडे पेटीत जाण्याआधीच वाढ सुरू होऊन, थांबून, क्षीण झालेले असते. तेव्हा उबविण्याची अंडी गार जागी, शक्यतो १५ ते १८ अंशांत ठेवावीत. शीतकपाट फार थंड असते. ओल्या वाळूत अर्धा पुरलेला माठ, तोंडावर ओले फडके, आणि आत कोरड्या कापडावर बोथट टोक वर करून मांडलेली अंडी, ही व्यवस्था खेड्यात सहज होते. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांहून, हिवाळ्यात आठवड्याहून जुनी अंडी घेऊ नयेत. गार जागेतून काढलेली अंडी काही तास खोलीत ठेवून मगच पेटीत मांडावीत. एकदम उबेत नेल्यास कवचावर पाणी सुटते व त्यातून जंतू आत शिरतात.

अखेरचे तीन दिवस

अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. फिरविताना झाकण दोन-तीन मिनिटे उघडे राहिले तर बिघडत नाही, हे वर आलेच आहे. अठरा दिवस पेटीतील आर्द्रता ५० ते ५५ टक्के पुरते. एका तापमापकाच्या टोकाला ओली वात गुंडाळली तर तो २९-३० अंश दाखवील, एवढा हा दमटपणा होय. कोरड्या मार्चमध्ये पाण्याचे पसरट भांडे लागते, जुलैत ते रिकामे ठेवले तरी चालते.

अठराव्या दिवसानंतर फिरविणे बंद करावे व आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी. आतापर्यंत झाकण उघडण्याबद्दल जी मोकळीक होती ती या तीन दिवसांत नाही. कारण तापमानाचे नसून ओलाव्याचे आहे : पिल्लू कवच फोडीत असता कोरडी हवा आत शिरली तर आतील पडदा वाळून त्याच्या अंगाला चिकटतो व ते अडकून पडते. पहिली चोच दिसल्यापासून पिल्लू बाहेर येण्यास बारा ते चोवीस तास लागू शकतात. कवच सोलून मदत करण्याचा मोह आवरावा. निघालेली पिल्ले अंग वाळेपर्यंत पेटीतच राहू द्यावीत. बलकाचा अंश पोटात असल्याने त्यांना तेवढा काळ दाण्यापाण्याची गरज नसते. मध्यंतरी वीज जाऊन उबवणी रेंगाळली असेल तर एकविसाव्या दिवशी पेटी बंद न करता तेविसाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत ती चालू ठेवावी.